लंबकाचा दगड जड केला तर? (हाताने करून पाहणं आणि पोरांचं डोकं)

खडूफळा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित शिकवतो. मागच्या महिन्यात शिक्षण परिषदेत नेहमीप्रमाणे पडद्यावर ओळ झळकली की कृतीतून शिकलं की चिकित्सक विचार वाढतो. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. घरी येताना एसटीत डोक्यात किडा वळवळायला लागला. खरंच वाढतो का? सहावीतल्या पोराचा आणि आठवीतल्या पोराचा सारखाच वाढतो का?

दोन वर्षांपूर्वीचा माझाच एक प्रयोग सांगतो. खिडकीच्या गजाला दोरा, दोऱ्याला दगड, हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. दहा झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं. करण्याआधी फळ्यावर तीन गोष्टी लिहिल्या: दगडाचं वजन, दोऱ्याची लांबी, किती लांब ओढून सोडला. यातल्या कशाने वेळ बदलेल? तिन्ही वर्गांत बहुतेक हात वजनाला वर. जड दगड भरभर झुलणार, यावर पोरांचा ठाम विश्वास.

सहावीच्या एका गटाने दगडही बदलला, दोराही लांब केला आणि छाती फुगवून जाहीर केलं, "दगडामुळं बदललं." मी विचारलं, दोऱ्यामुळे नसेल कशावरून? सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी खेळात चिडतोय. सातवीला सांगितलं की एका वेळी एकच गोष्ट बदला, तर त्यांनी बदलली. पण पुढच्या आठवड्यात बियांच्या प्रयोगात पुन्हा सगळं एकदम. आठवीत मात्र एका मुलीने न सांगता हात वर केला, "सर, दोन्ही एकदम बदललं तर कुणामुळं झालं ते कसं कळणार?" त्या दिवशी मी चहा दोन कप प्यालो.

पण दोन गोष्टी सलत राहिल्या. एक, पंचवीस सेंटीमीटर दोऱ्यावर लहान खड्याला दहा झोक्यांना १०.२ सेकंद आले आणि मुठीएवढ्या दगडाला १०.८. वजनाने फरक पडत नाही असं पुस्तक म्हणतं. मी "मोजण्यात चूक झाली" म्हणून पुढे गेलो. दुसरं, आठवीतल्या एका पोराने मीटरभर दोरा घेतला. थोडासा ओढून सोडला तर दहा झोक्यांना २० सेकंद, चांगला वरपर्यंत ओढून सोडला तर २१ च्या वर. त्याने तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच. पुस्तकात लिहिलंय की किती ओढलं यावर काही अवलंबून नाही. मी त्याला म्हटलं, तुझा बटण दाबायला उशीर होतोय. त्याने मान खाली घालून वहीतलं खोडलं. तो आता तालुक्याच्या हायस्कुलात दहावीला आहे.

तर प्रश्न असा, की कुठल्या वयात हाताने करून काय साधतं आणि काय साधत नाही? आपापले अनुभव लिहा, वय लिहायला विसरू नका.

निळी_शाई

छान धागा गुर्जी. मी बालवाडी चालवते, माझी पोरं चार-पाच वर्षांची. वजन, लांबी वगैरे आमच्याकडे नाही. आमच्याकडे टब आहे.

बुडतं की तरंगतं. चमचा, स्टीलची वाटी, गोटी, पिंपळाचं पान, बाटलीचं बूच. पहिली दोन वर्षं मी नुसतं विचारायचे, "काय होईल रे?" आणि वस्तू टाकायचे. चमचा बुडाला की सगळे ओरडायचे, "मी तेच म्हणालो होतो!" खरं सांगायचं तर अर्ध्यांनी उलट म्हटलेलं असायचं. खोटं बोलत नसतात हो, त्यांना खरंच आठवत नाही. मग मी जमिनीवर खडूने दोन चौकोन काढले. ज्याला जे वाटतं त्या चौकोनात ती वस्तू आधी ठेवायची आणि मगच टबात. आता अंदाज डोळ्यासमोर बसलेला असतो, पळून जात नाही. या एका खडूच्या रेघेने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्या साहित्याने पडला नाही.

वाटी तरंगली आणि चमचा बुडाला तेव्हा "मोठं बुडतं" वाले गोंधळले. मग मी संत्रं टाकलं, तरंगलं. तेच सोलून टाकलं, बुडालं! एक मुलगी गंभीरपणे म्हणाली, "त्याचे कपडे काढले ना, म्हणून." हसू नका, तिने कारण सोलण्यातच शोधलं होतं. सालीत हवा असते हे मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिची आई संत्री, मोसंबी आणि शेंगा पिशवीत घेऊन दारात. "रात्री झोपू देईना हो बाई."

अवांतर: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला हेच केलं होतं. महागडी माँटेसरी साधनं परवडत नाहीत म्हणून पानं, बिया, दगड, शिंपले घेऊन आदिवासी पोरांसोबत बसल्या. आता तेच साहित्य "सेन्सरी किट" म्हणून डब्यात विकत मिळतं.

काकडी_कोशिंबीर

किटवरून आठवलं. लेक आठ वर्षांचा, आम्ही पुण्यात. वाढदिवसाला रोबोटचं किट आलं. चित्र बघून बघून चाळीस मिनिटांत जोडला, रोबोट चालला, टाळ्या झाल्या, आणि त्यानंतर तो कपाटावर गेला तो आजपर्यंत. हात चालले, पण एकदाही अडला नाही बिचारा. उलट बंद पडलेला जुना मिक्सर उघडला तेव्हा तीन दिवस जेवायला बोलवावं लागायचं. "यात तांब्याची तार कशाला?" याचं उत्तर मला येत नव्हतं, तेही बरंच झालं.

एका सुट्टीतल्या शिबिरात टाकाऊतून खेळणी करायला पाठवलं होतं. वीस मुलं, वीस सारख्या शिट्ट्या, घरी येऊन दोन दिवस कानाला त्रास. नळी कापली तर आवाज का बदलतो, हे कोणी कापून बघितलंच नाही.

रामभरोसे

सगळे कौतुक करताहेत, मी जरा विरजण घालतो.

२००४ साली डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांचा एक अभ्यास आला होता, तिसरी-चौथीच्या मुलांवर. उतरत्या घसरगुंडीवरून चेंडू सोडायचे आणि कशाने लांब जातो ते शोधायचं. एका गटाला साहित्य देऊन मोकळं सोडलं. दुसऱ्यालाही साहित्य तेच, पण शिक्षकाने चांगला प्रयोग आणि फसवा प्रयोग शेजारी शेजारी मांडून, का, ते समजावून सांगितलं. "एका वेळी एकच बदल" हे जमलेली मुलं मोकळ्या गटात २३ टक्के, सांगितलेल्या गटात ७७ टक्के. म्हणजे खडूफळा सर, तुमच्या सहावीच्या पोरांना दोरे-दगड देऊन स्वतः शोधायला सोडलंत, तिथेच वेळ गेला. दहा मिनिटं नीट शिकवलं असतं तर?

शिवाय स्कॉलरशिपची परीक्षा आहे. वर्गात पन्नास पोरं. टब कुठे ठेवणार?

निळी_शाई

रामभरोसे, टब आमच्या बालवाडीत आहे, स्कॉलरशिप नाही. :) पण आकडे वाचून विचारात पडले हे खरं. माझी खडूची रेघ म्हणजेसुद्धा शिकवणंच झालं की.

मटकीची_उसळ

रामभरोसे यांना अर्धं अनुमोदन. चौथीला शिकवते, म्हणजे नऊ-दहा वर्षांची पोरं. "एका वेळी एकच" हे मी सरळ सांगून टाकते, शोधायला लावत नाही. पण सांगितल्यानंतर जी मजा येते ती सांगून येत नाही.

आयडीप्रमाणेच मटकी. दोन डबे, सारखी माती, सारखे दाणे. एक खिडकीत, एक कपाटात. आठ दिवसांनी पट्टी लावली. कपाटातली रोपं खिडकीतल्यांपेक्षा कितीतरी उंच! पोरांनी निकाल लावला की अंधारात झाड जास्त चांगलं वाढतं. पट्टीचा पुरावा हातात होता, मी काय बोलणार?

मी एवढंच म्हटलं, दोन्ही डबे टेबलावर ठेवा आणि नुसतं बघा. कपाटातली पिवळी, बारीक, मान टाकलेली. खिडकीतली बुटकी पण हिरवीगार. मग भांडण लागलं. "चांगलं म्हणजे उंच" असा एक पक्ष आणि "चांगलं म्हणजे आजारी नसलेलं" असा दुसरा. एक म्हणाला, आमच्या शेतातली ज्वारी अशी झाली तर बाबा रडतील. पट्टीने काय मोजायचं हे आधी ठरवावं लागतं, हे नवव्या वर्षी भांडून कळलं. मी सांगितलं असतं तर वहीत लिहिलं असतं, बस.

आणि त्यातही पाणी घालायची ज्याची पाळी होती तो हळूच म्हणाला, "बाई, मी दोघांनाही सारखंच पाणी घातलं, पण खिडकीतली माती रोज वाळायची, कपाटातली नाही." म्हणजे "एकच बदल" असं आम्ही समजत होतो आणि ऊन आपल्यासोबत दुसरा बदल घेऊन आलं होतं! पुस्तकातला प्रयोग इतका स्वच्छ असतो की त्यात हे दिसत नाही.

जुना_प्रवासी

वय वर्षं सत्तरच्या पुढे, टंकायला वेळ लागतो. पण या धाग्यावर गप्प बसवत नाही.

ऐंशीच्या दशकात नोकरीनिमित्त मध्य प्रदेशात होतो आणि मित्राच्या नादाने होशंगाबादला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जायचो. तिथला विज्ञान कार्यक्रम १९७२ साली सोळा मिडल स्कूलांपासून सुरू झाला होता, किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी उभा केलेला. पुढे १९७८ मध्ये सगळ्या जिल्ह्यात गेला, १९८२ मध्ये एकलव्य संस्था स्थापन झाली. सहावी ते आठवीसाठी "बाल वैज्ञानिक" पुस्तकं. त्यात प्रयोग होते, प्रश्न होते, पण उत्तरं नव्हती. शिक्षक प्रशिक्षणाला यायचे ते याच धास्तीने. पहिल्या दिवशी एक गुरुजी मला म्हणाले होते, "उत्तर ही नहीं दिया तो बच्चे को क्या पढ़ाऊँ?"

तिसऱ्या दिवशी तेच गुरुजी रात्री कंदिलाच्या उजेडात फूल उघडून पुंकेसर मोजत होते आणि शेजारच्याशी वाद घालत होते. प्रशिक्षणात शिक्षकांनाच मुलं करायचे. मला वाटतं खरी मेख तिथे होती. पोरांना प्रश्न विचारू देण्यासाठी आधी गुरुजींना स्वतः चुकायची सवय लागावी लागते.

परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायला परवानगी होती, आठवीला प्रयोगाचीही परीक्षा असायची. स्कॉलरशिपवाल्यांनी याचा विचार करावा. परीक्षाच वेगळी असेल तर टबाला जागा सापडते. २००२ मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला. त्याच्या कारणांत शिरत नाही, बीपी वाढतं.

काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण-चौकोन करतात ना, ते अरविंद गुप्तांनी १९७८ च्या सुमारास होशंगाबाद भागात केलं. नंतर ते पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या विज्ञान शोधिकेत होते, २०१८ ला पद्मश्री मिळाली. काकडीताई, शिट्टी त्यांच्याकडेही होती. फरक एवढाच की वाजवता वाजवता कात्रीने ती आखूड करत न्यायची.

नागपुरी_संत्रं

निळी_शाई, संत्र्याचे कपडे काढल्याबद्दल निषेध. :)

माझा अनुभव अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा, घरचाच. "दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो" हे वाक्य पाठ होतं. गच्चीत काठी उभी केली आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण. बाराला सावली सगळ्यात आखूड नाहीच! आमच्याकडे ती सव्वाबाराच्या पुढे आली. मुंबईचा भाचा फोनवर, त्याच्याकडे आमच्यानंतर आणखी पंचवीस मिनिटांनी. दोघांची घड्याळं बरोबर, मग सूर्य कुणाचा खरा? तिथून रेखावृत्त निघालं. भूगोलात ते आधी शिकवून झालं होतं, आणि दोघांनाही ते इथे लागतं हे सुचलं नव्हतं!

आणि आखूड असली तरी सावली होतीच. डोक्यावर वर्षातून फक्त दोनदा येतो आपल्याकडे. नागपूरला २६ मेच्या सुमारास, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसऱ्यांदा जुलैत, तेव्हा ढग.

दोलायमान

कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. खडूफळा सर, तुमचा पहिला प्रतिसाद वाचून खुर्चीतून उठलो. आधी एक सांगतो: तुमचा तो पोरगा बरोबर होता.

ओढण्याने वेळ बदलत नाही, हे फक्त लहान कोनांसाठी, तेही जवळजवळ. लहान वर्गांच्या पुस्तकांत हे "लहान कोनासाठी" बहुतेकदा गळून पडतं. पंधरा अंशांपर्यंत फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत, तुमच्या मोबाईलला कळणार नाही. तीस अंशांना पावणेदोन टक्के. साठ अंशांना सात टक्क्यांहून जास्त. मीटरभर दोऱ्याला दहा झोक्यांचे वीस सेकंद, त्यावर सात टक्के म्हणजे जवळजवळ दीड सेकंद. झोका हळूहळू लहान होत जातो म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. त्याचे २१ च्या वर आले? यायलाच हवेत. गॅलिलिओचीही समजूत होती की कितीही ओढलं तरी वेळ तोच. हायगेन्सने १६७३ च्या पुस्तकात दाखवलं की वर्तुळाच्या कमानीवर ते नेमकं जुळत नाही, त्यासाठी वेगळी वक्ररेषा लागते. तुमच्या आठवीतल्या पोराचं भांडण या पातळीवरचं होतं आणि त्याच्याकडे तीन रीडिंग होती.

दुसरंही मोजण्यात चूक नाही. दोऱ्याची लांबी गाठीपर्यंत मोजली असणार. लंबकाची लांबी दगडाच्या मध्यापर्यंत धरतात. खडा लहान, मध्य सेंटीमीटरभर खाली, मुठीएवढ्याचा चार. म्हणजे २६ विरुद्ध २९. हिशेब केला तर १०.२ आणि १०.८ येतात. तुमच्या पोरांनी एकच गोष्ट बदलली असं त्यांना वाटलं, पण वजनाबरोबर लांबीही बदलली. मटकीबाईंच्या पाण्यासारखंच.

आता माझं दुखणं. तुमच्याकडून ही पोरं सोळाव्या वर्षी माझ्याकडे येतात. लंबकावरून गुरुत्व त्वरण (जी) काढायचं असतं. उत्तर ९.८ हे सगळ्यांना ठाऊक. मग काय होतं? आधी ९.८ लिहितात आणि त्यावरून उलटा हिशेब करून रीडिंग भरतात. त्यांची भाषाच तशी आहे: "सर, मी जी आणला." जर्नल सुंदर, सही होते, मार्क मिळतात. हात चालले का? चालले. साहित्य होतं का? होतं. चिकित्सक विचारही झाला म्हणायचं, फक्त तो परीक्षकाला कसं फसवायचं याचा. यात पोरांना दोष देत नाही. ९.४ आणणाऱ्याला आम्हीच "परत कर" म्हणतो.

मी एक करून बघितलं. जिन्याच्या पोकळीत तिसऱ्या मजल्यावरून दोरी सोडली, खाली वजन. वर कुणी जायचं नाही. झोके मोजून दोरी किती लांब ते सांगा. उत्तर कुणालाच माहीत नाही, गाईडमध्ये नाही, मलाही नाही. एक झोका सहा सेकंदांच्या आसपास येत होता. एका गटाचे साडेआठ मीटर, दुसऱ्याचे साडेनऊ. पहिल्यांदाच पोरांनी एकमेकांना विचारलं, "तू मोजायला सुरुवात कुठून केलीस?" एका मुलीने स्वतःचंच रीडिंग रद्द केलं, कारण तिने पहिल्या झोक्याला "एक" म्हणून मोजलं होतं, शून्य नाही.

रामभरोसे

दोलायमान, हे पटलं. म्हणजे प्रयोग आहे की नाही हा प्रश्नच नाही, उत्तर आधी ठरलेलं आहे की नाही हा आहे. पण चार वर्षांच्या पोराला न ठरलेलं उत्तर झेपतं आणि सोळा वर्षांच्याला झेपत नाही, असं उलटं कसं?

मटकीची_उसळ

कारण चार वर्षांच्याला अजून कुणी लाल पेनाने काही खोडलेलं नसतं.

निळी_शाई

+१

जुना_प्रवासी

रामभरोसे, नुसतं लाल पेन नाही. सोळाव्या वर्षी चुकण्याची किंमत बारावीच्या मार्कांत मोजतात. पोरगा हिशेबी आहे, मूर्ख नाही.

काकडी_कोशिंबीर

खडूफळा सर कुठे गेले? त्या मुलाला सांगणार की नाही?

खडूफळा

आहे इथेच. दोलायमान सरांचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही, खोटं कशाला बोला. पुस्तकाचं वाक्य खरं आणि पोराची तीन रीडिंग खोटी, हे मी दोन सेकंदांत ठरवलं होतं.

आज त्याच्या घरी फोन केला. आधी आई घाबरली, शाळेतून फोन म्हणजे काहीतरी झालं असणार. मग तो आला. म्हटलं, अरे, आठवीत तू लंबकाचं मोजलं होतंस, ते बरोबर होतं, चूक माझी होती. थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "सर, तुम्ही परत मोजून बघितलं का कुणी सांगितलं म्हणून म्हणताय?"

मला उत्तर देता आलं नाही. उद्या मोजतो म्हटलं.

दोलायमान

हाहा. त्याला माझ्याकडे पाठवा अकरावीला.

खडूफळा

मोजलं. शाळा सुटल्यावर, आठवीची चार पोरं थांबली होती. दोरा एक मीटर, गजावरच्या गाठीपासून दगडाच्या मध्यापर्यंत. दहा झोके, प्रत्येकी तीनदा:

१० अंश: २०.१, २०.०, २०.१
३० अंश: २०.३, २०.४, २०.३
४५ अंश: २०.७, २१.२, २०.६
६० अंश: २१.३, २१.२, २१.३

पंचेचाळीसच्या मधल्याला काय झालं कळलं नाही. खोडलेलं नाही. फोटो काढून त्याला पाठवलाय.

रामभरोसे

कोन कशाने मोजलात? आणि दगड सोडणारा आणि बटण दाबणारा एकच होता का?